दोन प्रिंटर, एक मरून: जुळवण्याआधी काय मोजायचं?

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, अर्धे नमुने आमच्या विभागातल्या उपकरणावर मोजलेत आणि अर्धे दुसऱ्या विभागात. दोन्ही डेटा एकाच आलेखात टाकला तर चालेल का?"

प्रश्न एका ओळीचा आहे. "चालेल" किंवा "नाही चालणार" असं एका शब्दात उत्तर दिलं असतं, तर ते चुकलंच असतं. त्या वेळी मला आमच्या मामाचं फ्लेक्सचं दुकान आठवलं. दोन उपकरणांची तुलना कशी करायची, हे मी पुस्तकातून जेवढं शिकले, त्याहून जास्त त्या दुकानात शिकले. म्हणून आज तीच गोष्ट सांगते. तुम्ही पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत असाल किंवा नुकतंच लॅबमध्ये बसायला लागला असाल, तर ही गोष्ट उपयोगी पडेल. विषय भौतिकशास्त्राचा नसला तरी चालेल.

दुकानात काय झालं

मामाचं दुकान बार्शीत आहे आणि तिथे दोन मशीन आहेत. एक जुनं, दहा फुटी सोल्व्हंट मशीन, त्यावर फ्लेक्स निघतात. दुसरं कर्ज काढून घेतलेलं, पाच फुटी इको-सोल्व्हंट, त्यावर व्हिनाइलची बारीक कामं होतात. दसऱ्याच्या आधी एका साडीच्या दुकानाचं काम आलं. दारावर वीस बाय चारचा फ्लेक्सचा बोर्ड आणि दोन्ही बाजूंच्या खांबांवर सनबोर्डला चिकटवलेलं व्हिनाइल. सगळ्याचा रंग एकच, मरून. बोर्ड जुन्या मशीनवर काढला, खांब नव्या मशीनवर. रात्री लावला. सकाळी मालक बघायला आले आणि म्हणाले, "मधला डाळिंबी आणि खांब चॉकलेटी. हे काय लावलंय?"

खांब पुन्हा काढावे लागले. व्हिनाइल गेलं, सनबोर्ड गेला, दोन दिवस गेले. असं त्या वर्षात तिसऱ्यांदा झालं होतं. मामाने नुकसानीचे पैसे ऑपरेटरच्या पगारातून कापले.

हा ऑपरेटर दादा मला शाळेत असल्यापासून ओळखतो. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "फाईल तीच, आकडे तेच, बटण तेच. मग मी नेमकं काय चुकलो ते तरी सांग."

मी काही सांगू शकले नाही. पण हा प्रश्न मोजून सोडवता येण्यासारखा आहे, एवढं कळलं. माझं काम रंगद्रव्यांच्या पातळ थरांवर चालतं. त्यासाठी आमच्या लॅबमध्ये हातात धरायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. गाईडची परवानगी काढून पुढच्या खेपेला तो बार्शीला नेला.

तेच आकडे, वेगळा रंग

आधी दादाच्या म्हणण्यातला गुंता सोडवू. फाईलमध्ये मरूनचे आकडे होते: सायन ३०, मॅजेंटा १००, यलो ८०, ब्लॅक ४०. आपल्याला वाटतं हे रंगाचे आकडे आहेत. पण ते शाईचे आहेत. "एवढी एवढी शाई टाक" एवढंच ते सांगतात.

"दोन चमचे तिखट घाला" असं रेसिपीत लिहिलेलं असतं तसंच हे. तुमच्या डब्यात ब्याडगीचं तिखट असेल तर रस्सा लालभडक होईल आणि जिभेला फारसा लागणार नाही. शेजारच्या काकूंच्या डब्यात लवंगीचं असेल तर तेच दोन चमचे डोळ्यांतून पाणी काढतील. चमचे सारखे असले तरी चव सारखी होत नाही. दोन मशीनची शाई वेगळी, हेड वेगळे, थेंबाचा आकार वेगळा, खालचं मटेरियल वेगळं. त्यामुळे एकाच फाईलमधून दोन रंग निघाले यात नवल नाही. सारखे निघाले असते तरच नवल.

मग रंगाचे खरे आकडे कुठले? त्यासाठी आपल्याला १९३१ सालात जावं लागतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी वेगवेगळे प्रयोग केले. माणसाला एका बाजूला एक प्रकाश दाखवायचा, शेजारी तीन मूळ रंगांचे प्रकाश मिसळायला द्यायचे आणि दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत त्याने ते कमीजास्त करायचे. राइटकडे १० निरीक्षक होते, गिल्डकडे ७. या १७ जोड डोळ्यांच्या आकड्यांवरून प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, १९३१ मध्ये 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. दोन रंग शेजारी ठेवून जुळवणं, मामा दुकानात जे करतो, तेच या साऱ्या शास्त्राच्या पायाशी आहे!

स्पेक्ट्रोफोटोमीटर काय करतो? नमुन्यावरून कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो ते मोजतो आणि ठरलेल्या प्रकाशाखाली प्रमाण निरीक्षकाला तो रंग कसा दिसेल याचा हिशोब करतो. तो हिशोब बहुतेक वेळा लॅब पद्धतीत मांडतात. ही 'लॅब' म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्याकडून लालकडे, बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. ही पद्धत १९७६ ची. रंग म्हणजे त्रिमितीय अवकाशातला एक बिंदू झाला, की दोन रंगांमधला फरक म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर. त्याला डेल्टा ई म्हणतात.

गणित करून बघू. समजा जुन्या मशीनचा मरून (२८, ४२, २०) आला आणि नव्याचा (३०, ३८, २४). फरक २, उणे ४ आणि ४. वर्ग ४, १६, १६. बेरीज ३६, वर्गमूळ ६. म्हणजे डेल्टा ई ६. शेजारी शेजारी ठेवल्यावर एवढा फरक कोणालाही दिसेल. आणि नुसता आकडा बघू नका, दिशाही बघा. दुसरा रंग जरा उजळ, कमी लाल आणि जास्त पिवळा आहे. म्हणजेच चॉकलेटी! साडीवाल्या मालकांच्या डोळ्याने उपकरणाशिवाय हेच सांगितलं होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १९७६ चं हे साधं अंतर सगळीकडे सारखं लागू पडत नाही. आपल्या डोळ्याची फरक ओळखण्याची ताकद रंगानुसार बदलते, हे मॅकअ‍ॅडमने १९४२ मध्येच दाखवलं होतं. म्हणून पुढे सुधारित सूत्रं आली. त्यातलं सीआयईडीई२००० आज जास्त वापरतात. कोणाचाही डेल्टा ई वाचताना 'कोणत्या सूत्राने काढला?' हे आधी विचारा. सूत्र न सांगता दिलेला आकडा अर्धवट असतो.

मामाचा उपाय, आणि तो का टिकत नव्हता

मामा तीस वर्षं रंगात आहे, आधी हाताने बोर्ड रंगवायचा. त्याचा डोळा पक्का आहे. दोन तुकडे हातात घेऊन तो सांगायचा, "नव्या मशीनच्या फाईलमध्ये मॅजेंटा पाच वाढव." दादा वाढवायचा. रंग जुळायचा. दुसऱ्या दिवशी तीच फाईल टाकली की या वेळी व्हिनाइल जास्त लाल. मग मॅजेंटा कमी. चार दिवसांनी पुन्हा वाढव. फाईलची नावं तर बघण्यासारखी होती: मरून फायनल, मरून फायनल दोन, मरून एकदम फायनल.

इथे थांबा आणि विचार करा. दुरुस्ती त्या दिवशी बरोबर होती, मग दुसऱ्या दिवशी चुकीची कशी झाली?

मामाने गृहीत धरलं होतं की दोन मशीनमध्ये एक ठरावीक फरक आहे. पण एक मशीन रोज स्वतःपासूनच वेगळं वागत असेल, तर आज मोजलेला फरक उद्याचा नसतो. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर त्रुटी दोन जातीच्या असतात. एक ठरावीक त्रुटी, जी प्रत्येक वेळी त्याच बाजूला तेवढीच चुकवते. घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं तशी. ती वजा करता येते. दुसरी भटकी त्रुटी, जी कधी इकडे, कधी तिकडे. ती वजा करता येत नाही, कारण पुढच्या वेळी ती कुठे असेल ते माहीत नसतं.

भटक्या त्रुटीमागे धावलं तर नुसता वेळ जात नाही, परिस्थिती आणखी बिघडते. डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ नरसाळ्याचा प्रयोग दाखवायचे. नरसाळ्यातून गोटी खाली एका खुणेवर टाकायची. नरसाळं न हलवता टाकत राहिलात तर गोट्या खुणेभोवती थोड्या विखुरतात. पण दर वेळी मागची गोटी जितकी चुकली तितकं नरसाळं उलट सरकवत गेलात, तर विखुरणं वाढतं, व्हेरिअन्स दुप्पट होतो. 'मरून एकदम फायनल' म्हणजे हेच नरसाळं होतं.

साठ पट्ट्या

म्हणून मी ठरवलं, दोन मशीन एकमेकांशी जुळतात का हे आधी बघायचंच नाही. प्रत्येक मशीन स्वतःशी जुळतं का ते बघायचं.

एक पट्टी तयार केली. त्यात चार शाईंचे हलक्यापासून गडदपर्यंत टप्पे, राखाडीचे काही चौकोन आणि तो मरून. ही पट्टी पाच दिवस, रोज दोनदा, म्हणजे दुकान उघडल्यावर पहिलं काम म्हणून आणि दुपारी, मटेरियलच्या डाव्या कडेला, मध्ये आणि उजव्या कडेला, दोन्ही मशीनवर काढायची. ५ गुणिले २ गुणिले ३ गुणिले २, एकूण ६० पट्ट्या. प्रत्येकीच्या मागे तारीख, वेळ, मशीन, जागा. ते लिहायचं काम दादाने स्वतःहून घेतलं आणि एकही नोंद चुकवली नाही.

मी मात्र पहिल्याच दिवशी दोन चुका केल्या. त्या मुद्दाम सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

पहिली चूक, पट्टी बाहेर आली की लगेच मोजली. सोल्व्हंट शाई वरून कोरडी वाटली तरी आतला द्रव उडत राहतो आणि तोवर रंग थोडा सरकतो. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्या मोजल्या तर आकडे वेगळे. मग सगळ्या पट्ट्या एक दिवस सुकू दिल्यावरच मोजायच्या, असं ठरवलं.

दुसरी चूक, काही पट्ट्या पांढऱ्या टेबलावर ठेवून मोजल्या, काही गडद रंगाच्या लोखंडी कपाटावर. पातळ मटेरियलमधून थोडा प्रकाश आरपार जातो आणि खालच्या पृष्ठभागाचा रंग मोजणीत मिसळतो. म्हणजे मशीनमधला म्हणून जो फरक मी लिहीत होते, त्यात थोडा कपाटाचा होता! त्यानंतर खाली कायम तोच पांढरा गठ्ठा ठेवला.

आणखी एक गोष्ट पहिल्यापासून केली होती, त्यामुळे वाचले. रोज सुरुवातीला उपकरणाबरोबर येणाऱ्या पांढऱ्या टाईलवर कॅलिब्रेशन, आणि एकच चौकोन दहा वेळा मोजणं. उपकरणाची स्वतःची भटकंती किती आहे ते माहीत नसेल, तर मशीनच्या भटकंतीबद्दल काही बोलता येत नाही. ती फारच कमी निघाली, म्हणून पुढे जाता आलं.

आता क्रम बघा. आधी मोजणाऱ्या उपकरणाची भटकंती, मग एका मशीनची भटकंती, मग दोन मशीनमधला फरक. प्रत्येक पायरीवरचा फरक त्याच्या आधीच्या पायरीवरच्या फरकापेक्षा ठळकपणे मोठा असेल, तरच त्याला अर्थ आहे. ज्युनिअरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

सकाळची पहिली पट्टी

आकडे मांडल्यावर चित्र स्पष्ट होतं. नवं मशीन सकाळ-दुपार जवळपास सारखंच वागत होतं. जुनं दुपारी ठीक, पण सकाळची पहिली पट्टी वेगळी. पाचही दिवस.

दादाने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "हीटर." जुन्या मशीनला मटेरियल तापवायला हीटर आहेत. ते तापायला वेळ लागतो. मटेरियल गार असेल तर थेंब वेगळा पसरतो, ठिपक्याचा आकार बदलतो, आणि ठिपका बदलला की रंग बदलतो. लाईट जाऊन आल्यावरही हेच. सकाळी आल्या आल्या "आधी ते काढ, माणूस थांबलाय" असं कोण म्हणायचं, हे मी विचारलं नाही. मामा तिथेच बसला होता.

पण सावध राहा. 'सकाळी फरक पडतो' हे निरीक्षण आहे. 'हीटरमुळे पडतो' हा अंदाज आहे. सकाळी आणखीही बरंच काही वेगळं असतं: रात्रभर बंद राहिलेलं हेड, खोलीचं तापमान, हवेतली आर्द्रता. अंदाज तपासायचा तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. पुढचे पाच दिवस दादाने सकाळी हीटर पूर्ण तापल्यावरच पहिली पट्टी काढली. सकाळ-दुपारचा फरक जवळपास गेला. तेव्हा कुठे आम्ही हीटरचं नाव घेतलं.

एवढं करून दोन मशीनचे मरून जुळले का? नाही. अजून डाळिंबी आणि चॉकलेटीच होते. पण आता फरक रोज तेवढाच, त्याच दिशेला होता. भटकी त्रुटी गेली, ठरावीक उरली. आता ती दुरुस्त करता येणार होती.

मग जुळवणं

जुळवण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी नोझल चेक आणि हेडची अलाइनमेंट. मग मटेरियल, पास आणि तापमान पक्कं करायचं. त्यानंतर रिप सॉफ्टवेअरमध्ये शाईची मर्यादा, म्हणजे मटेरियल किती शाई धरू शकतं ते. मग लिनिअरायझेशन, म्हणजे फाईलमध्ये ५० टक्के म्हटलं तर खरोखर मधला टप्पा यावा यासाठीची दुरुस्ती. आणि सगळ्यात शेवटी प्रोफाइल. अनेक चौकोन छापून, मोजून, 'या मशीनवर या मटेरियलवर एवढी शाई म्हणजे लॅबमधला हा रंग' असा जो तक्ता बनतो, ते प्रोफाइल. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने याचा सर्वांना चालणारा साचा ठरवला. प्रोफाइल म्हणजे दुभाषा. तुमच्या डब्यातलं तिखट कोणतं हे त्याला माहीत असतं, म्हणून चमचे तो ठरवतो.

वरची एखादी पायरी बदलली, शाईची कंपनी बदलली किंवा मटेरियल बदललं, की खालचं सगळं शिळं. पहिल्या पायऱ्या गाळून थेट प्रोफाइल करणारे पुष्कळ असतात. ते हलत्या जमिनीचा नकाशा काढत असतात.

यात तीन अडचणी आल्या. तिन्ही संशोधनात पुन्हा भेटतात.

पहिली, आवाक्याची. प्रत्येक मशीनला जमणाऱ्या रंगांचा एक आवाका असतो, त्याला गॅमट म्हणतात. नवं मशीन जो झळझळीत केशरी काढतं तो जुन्याला जमतच नाही. मग जुळवायचं तर दोघांना जमेल असा रंग निवडावा लागतो, आणि नव्याला मागे ओढावं लागतं. मामा वैतागला. "एवढं कर्ज काढून मशीन घेतलं ते त्याला जुन्यासारखं वागवायला?" त्याचं चुकत नव्हतं. पण जे काम दोन्हींवर होणार आहे, तिथे मर्यादा कमजोर मशीनची. फक्त नव्यावर होणारं काम पूर्ण आवाक्यात करावं.

दुसरी, पांढऱ्याची. फ्लेक्सचा पांढरा आणि व्हिनाइलचा पांढरा सारखा नसतो. प्रोफाइल वापरताना 'आपापल्या मटेरियलच्या पांढऱ्याच्या तुलनेत जुळव' असं सांगता येतं किंवा 'निखालस तोच रंग आण' असं. पहिल्यात प्रत्येक छपाई स्वतंत्रपणे छान दिसते, पण शेजारी ठेवल्यावर पांढऱ्यातला फरक बाकी रंगांतही थोडा झिरपतो. दुसऱ्यात रंग जवळ येतात, पण एका मटेरियलच्या कोऱ्या जागेवर दुसऱ्याचा पांढरा आणायला शाईचा हलका थर बसतो. यातलं बरोबर कोणतं हे सॉफ्टवेअर सांगत नाही. दोन तुकडे शेजारी लागणार आहेत का, हे विचारूनच ठरतं.

तिसरी, उजेडाची. दोन मशीनची शाई वेगळी, म्हणून परावर्तनाचे आलेखही वेगळे. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेले दोन मरून उन्हात वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. उपकरणाचा डेल्टा ई हा एका ठरलेल्या प्रकाशापुरता असतो, छपाईत बहुतेक वेळा डी५० नावाच्या प्रमाण प्रकाशापुरता. साडीच्या दुकानाचा बोर्ड दिवसा उन्हात आणि रात्री दिव्याखाली असतो. म्हणून शेवटची तपासणी दोन्ही उजेडांत, बोर्ड जिथे लागणार तिथे करायची.

दोघेही पास, तरी नापास

आता ज्या मुद्द्यावर मी स्वतः अडखळले तो. समजा आपण लक्ष्य ठरवलं (२९, ४०, २२) आणि नियम केला की लक्ष्यापासून डेल्टा ई ३ पर्यंत चालेल. जुनं मशीन (२८, ४२, २०). लक्ष्यापासून फरक उणे १, २, उणे २. वर्गांची बेरीज ९, अंतर ३. पास. नवं (३०, ३८, २४). फरक १, उणे २, २. अंतर ३. पास. पण एकमेकांपासून? वर काढलं तेच, ६.

दोघेही प्रमाणाच्या मर्यादेत आहेत, म्हणून एकमेकांशी जुळतात असं होत नाही. ते लक्ष्याच्या विरुद्ध बाजूंना उभे असू शकतात. दोन उपकरणं 'कॅलिब्रेटेड' आहेत एवढ्यावर डेटा एकत्र करणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. तुलना एकमेकांशी करायची असेल, तर मर्यादाही एकमेकांतल्या फरकावर ठरवा.

आणि ज्युनिअरच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. अर्धे नमुने इकडे, अर्धे तिकडे मोजले असतील, तर कोणते अर्धे हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळे प्रक्रिया केलेले एकीकडे आणि सगळे साधे दुसरीकडे मोजले असतील, तर दिसणारा फरक प्रक्रियेचा की उपकरणाचा, हे नंतर कितीही संख्याशास्त्र लावून सुटणार नाही. दोन्ही प्रकारचे नमुने दोन्हीकडे वाटले असतील तर आशा आहे. त्यातही काही नमुने दोन्ही उपकरणांवर मोजलेले असतील तर फारच चांगलं, कारण ते दोघांमधले दुभाषे होतात.

सगळ्यात चांगला उपाय मात्र त्याहून साधा आहे, तो मामानेच काढला. "एका बोर्डाचं सगळं काम एकाच मशीनवर काढायचं. आणि नाहीच जमलं, तर मध्ये पांढरी पट्टी सोडायची." आपला डोळा दोन रंगांची कड एकमेकांना चिकटलेली असली की बारीकसा फरकही पकडतो. मध्ये अंतर आलं की तोच फरक सहज खपून जातो. जिथे तुलना नाजूक आहे ते सगळे नमुने एकाच उपकरणावर, एकाच बैठकीत मोजा. हा मामाचा नियम मी आता लॅबमध्ये पाळते.

घरी करून बघा

पाठ्यपुस्तकातलं वाचून हे अंगी लागत नाही. एकाच रंगाचा भरीव चौकोन असलेली फाईल करा. कॉलेजजवळच्या एकाच झेरॉक्सच्या दुकानात वेगवेगळ्या तीन दिवशी तिच्या रंगीत प्रिंट काढा, आणि दुसऱ्या एका दुकानात त्याच तीन दिवशी आणखी तीन. कागद दोन्हीकडे तुम्हीच न्या, एकाच रिममधला. मागे पेन्सिलीने खुणा करून सहा कागद मिसळा आणि मित्राला म्हणा, दोन गट कर. त्याला दोन दुकानं वेगळी ओळखता आली तर फरक ठरावीक आहे. दिवसच वेगळे दिसले तर फरक भटका आहे. ट्यूबखाली एकदा आणि उन्हात एकदा करायला लावा. खर्च साठ-सत्तर रुपये. पण 'माझं उपकरण बरोबर दाखवतंय' असं म्हणण्याआधी काय विचारायचं, ते कायमचं लक्षात राहील.

मामाच्या दुकानात आता जुन्या मशीनवर दादाच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे: 'हीटर तापल्याशिवाय काम सुरू करू नये. कोणीही सांगितले तरी.' मागच्या खेपेला मी तो वाचत उभी होते, तेव्हा दादाने हळूच सांगितलं की कापलेले पैसे मामाने दिवाळीच्या पगारात परत दिले. मामा मला त्यातलं काहीच बोललेला नाही. मीही विचारलेलं नाही.